करडई घरात राहिली, जवस गेलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुळे सोलापुरातलं पूर्ण शाकाहारी घर. मिस्टर ४६ वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २८० आलं म्हणून मित्रानं ओमेगा-३ च्या कॅप्सूल आणून दिल्या. सासूबाईंचं म्हणणं, घरात करडईचं तेल असताना गोळ्या कशाला. ११ वर्षांच्या मुलीची कातडी खरखरीत झाली आहे, तीही ओमेगाच्याच कमतरतेनं का? बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला काय द्यावं? आणि रोजची शेंगा चटणी बंद करावी का?

ताई, चटणीचं आधी सांगते, कारण सोलापुरात आहार सांगायला बसलं की निम्मी माणसं त्याच धास्तीनं येतात. शेंगा चटणी बंद करू नका. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं हे खरं, म्हणून तर उखळात कुटताना चटणी चिकट होते आणि मुठीत दाबली की बोटांना तेल सुटतं. पण माणशी दोन चमचे चटणीनं कुणाचं रक्त बिघडत नाही. वाटीभर चटणीवर वरून तेलाची धार आणि सोबत पाच कडक भाकरी, असा बेत रोज असेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या सासूबाईंकडे वळते. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ आहे.

'आवश्यक' म्हणजे 'चांगलं' असा आपण अर्थ घेतो. इथे तो तसा नाही. शरीराला लागतं पण शरीराला बनवता येत नाही, ते आवश्यक. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. आपल्या पेशींना त्या साखळीत दुहेरी बंध टाकता येतो, पण नवव्या कार्बनपर्यंतच. बाराव्या आणि पंधराव्या जागी बंध टाकायची कला वनस्पतींकडे आहे, आपल्याकडे नाही. म्हणून दोन मेदाम्लं ताटातूनच यावी लागतात: लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ घराण्याचं मूळ, आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ घराण्याचं. एकाचं दुसरं शरीरात होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

१९२९ च्या आधी चरबी म्हणजे नुसतं इंधन, असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. त्या वर्षी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर ह्या नवरा-बायकोनं उंदरांना बाकी सगळं दिलं, जीवनसत्त्वंसुद्धा, फक्त चरबी काढून घेतली. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, कातडी सोलपटली, मूत्रपिंडं बिघडली. थोडं लिनोलेइक आम्ल दिलं की सुधारणा. कातडीचं कारण आज नीट माहीत आहे: त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो तो ज्या मेदपदार्थांमुळे, त्यांच्या रचनेत लिनोलेइक आम्ल लागतं. ते नसलं की कातडीतून पाणी उडत राहतं.

हे झालं ओमेगा-६ चं. ओमेगा-३ माणसाला लागतंच का, ह्यावर पुढे पन्नास वर्षं वाद होता. तो ज्या रुग्णामुळे बराचसा मिटला तिची हकीकत मी प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगते, कारण त्यात आपली करडई आहे. अमेरिकेतली सहा वर्षांची मुलगी, पोटात गोळी लागलेली, आतड्याचा मोठा भाग काढावा लागला. तिला सगळं अन्न शिरेतून द्यायचे, आणि त्यातली चरबी होती करडईच्या तेलाची. काही महिन्यांत हातापायांना बधिरपणा आणि मुंग्या, पाय दुखणं, चालता न येणं, डोळ्यांपुढे धूसर. होलमन नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासलं तेव्हा ओमेगा-३ जवळजवळ नव्हतंच. करडईच्या जागी सोयाबीन तेलाचं मिश्रण सुरू केलं आणि ती लक्षणं गेली. १९८२ मध्ये हे छापून आलं. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक असतं, अल्फा-लिनोलेनिक नावालाच. सोयाबीनमध्ये सुमारे ७ टक्के आहे. त्या मुलीला तेल भरपूर मिळत होतं, फक्त एकाच जातीचं.

आता सोलापूरच्या ताटाचा हिशेब करू. दोन भाकरी, आमटी, एक भाजी, दोन चमचे शेंगा चटणी आणि स्वयंपाकातलं माणशी वीस ग्रॅम सूर्यफूल किंवा करडईचं तेल. लिनोलेइक आम्ल दिवसाला सहा ग्रॅमच्या आसपास मिळालं तरी कमतरता होत नाही. ह्या ताटात पंधरा ग्रॅम सहज होतं, तेलच करडईचं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ओमेगा-६ ची चिंता सोडून द्या. अल्फा-लिनोलेनिक मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दीड ग्रॅम हवं. ह्याच ताटात ते शोधायला गेलं तर पालेभाजीतून थोडं, डाळीतून थोडं, सगळं मिळून अर्धा ग्रॅम झाला तरी पुष्कळ. शेंगदाण्यात जवळजवळ शून्य, सूर्यफुलात शून्य, करडईत शून्य. तिळात तेच. कारळ्यात तेच.

मग आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या? माझं आजोळ मोहोळकडचं. रब्बीच्या ज्वारीला बांधाकडून करडईची चार तासं, म्हणजे ओळी, असायचीच. करडई काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी, पिकल्यावर तेल. आणि एका कोपऱ्यात निळ्या फुलांचं जवस. ते विकायला नसायचं, घरापुरतं. घरात तेल करडईचं आणि चटणी जवसाची. आजीला ओमेगा कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या फळीवरच्या दोन डब्यांत दोन्ही घराणी होती. नंतर तेल पिशवीतून आलं, चटणीत शेंगा राहिली कारण ती चवीला सरस आहे (आहेच, वाद नाही), आणि जवसाचा डबा कधी गेला ते कळलंही नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांतल्या आठांत जवस नसतं. असलं तर केसांना लावायच्या जेलसाठी.

म्हणून सासूबाईंना सांगा, करडईचं तेल वाईट मुळीच नाही, पण जवसाचं काम ते करत नाही.

करडईबद्दल दोन टोकांची बोलणी कानावर येतात, तीही इथेच निपटते. एकेकाळी हृदयाचं तेल म्हणून तिची जाहिरात व्हायची. आता उलट, बियांची तेलं म्हणजे विष अशी चित्रफीत कुणीतरी पाठवतं. दुसऱ्या बाजूचे लोक सिडनीच्या प्रयोगाचा दाखला देतात. १९६६ ते १९७३ ह्या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी निम्म्यांना संपृक्त चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारीन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल, दिलं. २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. दाखला खरा आहे. पण त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी हृदयाला घातक चरबी, असण्याची शक्यता मोठी, आणि ओमेगा-३ वाढवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पुढे लाखो माणसांवर झालेल्या पाहण्यांत लिनोलेइक जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार कमीच दिसला आहे. माझं मत सांगायचं तर तूप किंवा वनस्पती तुपाऐवजी करडई हा फायद्याचा बदल, पण करडई आहे म्हणून बाकी सगळं माफ, असं नाही. आणि ओमेगा-६ आणि ३ चं प्रमाण अमुकास तमुक हवं, ह्या गणितात मी रुग्णाला पाडत नाही. सहा कमी करत बसण्यापेक्षा तीन वाढवा, प्रमाण आपोआप सुधारतं.

वाढवायचं कसं? पाव किलो जवस घ्या. निवडून, लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. थोड्या वेळात दाणे तडतडायला लागतात, तव्यावर उड्या मारतात, खमंग वास येतो. तडतड जोरात असतानाच गॅस बंद करा, कारण तापलेला तवा पुढचं काम करतो. काळपट झाले तर चटणी कडू होते आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच जळतं. पूर्ण गार झाल्यावर लसूण, जिरं, सुक्या मिरच्या, मीठ, वाटलं तर चिंचेचं बुटुक, आणि कुटा. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. दहा ग्रॅम चटणीत, म्हणजे दोन लहान चमच्यांत, सुमारे दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक येतं. चार माणसांना पाव किलो सहा-सात दिवस पुरतं, आणि तेवढीच करावी.

तेवढीच का, तर ह्या तेलाचा स्वभावच हवेशी लगेच जुळणारा आहे. क्रिकेटची नवी बॅट आणली की मुलं तिला जवसाचं तेल पाजतात, चित्रकार ह्याच तेलात रंग कालवतात. हवा लागली की ते घट्ट होतं, वाळतं. पंधराव्या कार्बनवरचा जो बंध आपल्याला हवा, तोच हवेलाही आवडतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना कुटलेली चटणी ओट्यावर महिनाभर ठेवली तर तिला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तो आला की टाकून द्या, हळहळू नका. अख्खं जवस मात्र महिनोन्महिने टिकतं, निसर्गानं त्याला घट्ट आवरण दिलंय. त्याच आवरणामुळे अख्खं जवस मुखवास म्हणून खाल्लं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. जवसाचं तेल बाटलीतलं आणून फोडणीला वापरणारेही भेटतात. ते तापवू नका.

एक बाई मला म्हणाल्या, "जवस गरम पडतंय ओ, उन्हाळ्यात कसं खावं?" मी त्यांना ताकाच्या कण्यांवर घालून खायला सांगितलं. त्या खातात. जवसानं पोट फुगतं ते सुरुवातीला एकदम चार चमचे खाल्ल्यामुळे. एका चमच्यापासून सुरू करा, पाणी प्या. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि जवस एका वेळी नको.

जवस नकोच असेल तर आठवड्यात चार-पाच दिवस सोयाबीन तेलात स्वयंपाक करा, माझी हरकत नाही. मोहरीच्या तेलातही ओमेगा-३ चांगलं आहे, पण सोलापूरच्या माणसाला त्या वासाची भाजी खायला लावणं माझ्याच्यानं होत नाही. तळणाला शेंगदाणा तेल बरं, ते उष्णतेला करडई-सूर्यफुलापेक्षा जास्त टिकतं. घाण्याचं की रिफाइंड, हा प्रश्न हटकून येतो. मेदाम्लांच्या हिशेबात दोन्ही सारखीच, घाण्याच्या तेलात वास आणि इतर काही घटक जास्त उरतात, परवडत असेल तर घ्या. तेल कुठलंही असो, घरात माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या वर जाऊ नये.

आता मिस्टर. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण ट्रायग्लिसराइड २८० हा आवश्यक मेदाम्लांच्या कमतरतेचा आजार नाही. जवसानंही ते फारसं उतरत नाही. आधी बघा, तपासणी बारा तास उपाशी राहून केली होती का. मग साखर, थायरॉइड आणि यकृत तपासून घ्या. आणि मग कारखान्यातला चहा मोजा. मी मागे एका अशाच गृहस्थांना आठवडाभर कागदावर रेघा मारायला लावल्या. त्यांचं म्हणणं होतं दिवसाला तीन चहा, रेघा निघाल्या आठ. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर सत्तर ग्रॅमच्या आसपास नुसती साखर, आणि यकृत तिचंच ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं. दारू असेल तर ती पहिली बंद, आठवड्यातून एकदाच असली तरी. साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर ह्या चारांवर तीन महिने काम केलं तर २८० चं दीडशेच्या जवळ आलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे, एकही कॅप्सूल न घेता.

कॅप्सूलबद्दल: डबी उलटी करून मागचं वाचा. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. त्यातली कामाची मेदाम्लं दोन, ओमेगा-३ घराण्यातलीच, ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०, म्हणजे एकूण ३००. ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी ह्या दोन्हींचे मिळून दोन ते चार ग्रॅम लागतात. म्हणजे दिवसाला सात ते तेरा कॅप्सूल! एक गोळी घेऊन आपण काहीतरी करतोय असं वाटतं, तेवढाच तिचा उपयोग. मोठे डोस परिणाम करतात, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलेले, कारण त्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला दिसला आहे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वेगळा विचार करावा लागतो. निरोगी माणसांनी रोज एक ग्रॅम घेऊन हृदयविकार टळतो का, हे २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या 'व्हायटल' ह्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तपासलं होतं. हृदयविकार आणि पक्षाघात मिळून पाहिले तर ठोस फरक दिसला नाही.

आणि ताई, तुमचं घर शाकाहारी आहे. ही कॅप्सूल माशाच्या तेलाची, वरचं वेष्टण बहुधा जिलेटीनचं. मित्रानं ते सांगितलं होतं का? एका आजोबांना सहा महिन्यांनी कळलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले, मी दिल्या नसताना.

मासे खाणाऱ्या वाचकांसाठी एकच ओळ: उजनीच्या चिलापीपेक्षा समुद्रातल्या बांगडा-तारलीत ओमेगा-३ कितीतरी जास्त, आठवड्यातून दोनदा पुरे, तळलेले नकोत.

मुलीची कातडी. कोपरांवर आणि गुडघ्यांवर हात फिरवून बघा. किसणीवर हात फिरवल्यासारखे टोकदार काटे लागतात का? आपल्याकडच्या कुपोषित मुलांत हे पूर्वी पुष्कळ दिसायचं, त्याला फ्रायनोडर्मा म्हणतात, आणि आवश्यक मेदाम्लं व बी जीवनसत्त्वं ह्या दोन्हींची कमतरता त्यामागे धरली जाते. कामाला लागले तेव्हा ऊसतोड कामगारांच्या मुलांत मी ते पाहिलं आहे. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि जेवणात तेल वाढवलं की काही आठवड्यांत ते काटे झडायचे. पण रोज शेंगा चटणी आणि तेलाची भाजी खाणाऱ्या तुमच्या मुलीत लिनोलेइकची कमतरता असण्याची शक्यता फार कमी. नुसती सरसकट कोरडी कातडी असेल तर बोअरचं जड पाणी, कढत अंघोळ आणि साबण ही कारणं आधी पाहा. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. खोबरेलात लिनोलेइक अगदी थोडं, पण पाणी धरून ठेवायला ते पुरतं. काटे असतील किंवा खाज असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

बहिणीचा प्रश्न ह्या सगळ्यांत महत्त्वाचा. बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचए लागतं, आणि शेवटचे तीन महिने ते झपाट्यानं साठतं. जवसातल्या अल्फा-लिनोलेनिकपासून शरीर डीएचए बनवतं, पण फारच थोडं, शंभरातला एखादा भाग. बायकांत पुरुषांपेक्षा जरा जास्त बनतं, तरी त्यावर विसंबून राहावं इतकं नाही. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं धरतात. मासे खाणारीला ते जेवणातून जमतं. शाकाहारी बाईनं शेवाळापासून काढलेलं डीएचए घ्यावं. ते पूर्ण वनस्पतिजन्य असतं, मासासुद्धा मुळात शेवाळातूनच ते मिळवतो. कॅप्सूलचा विरोध मी वर केला आणि इथे कॅप्सूल सांगते आहे, कारण इथे ताटातून भरून काढायला दुसरी सोपी वाट नाही. तिच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. गरोदरपणात जवस चटणीइतकं चालेल, चूर्ण-काढा म्हणून नको. अळीव आपल्याकडे बाळंतपणानंतरच देतात, ते तसंच राहू द्या. अळिवाच्या तेलातही अल्फा-लिनोलेनिक चांगलं असतं, म्हणजे लाडू नुसते दुधासाठी नसतात.

एक चूक मात्र दर महिन्याला कुणीतरी करतं. "मॅडम, आम्ही तर खातोच की चटणी," म्हणून बरणी उघडून दाखवतात आणि आत कारळं असतं. कारळं काळं, लांबट, टोकदार. जवस तपकिरी, चपटं, गुळगुळीत, हातात घेतलं तर बोटांतून निसटणारं. कारळ्याच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक, म्हणजे ते करडईच्याच घराण्यातलं. चवीला खा, पण जवसाच्या हिशेबात धरू नका. कुटल्यावर दोन्ही चटण्या सारख्याच दिसतात, तेव्हा डब्यावर नाव लिहून चिकटवा.